पान दोनवरच्या चौकटीतली हरवलेली ओहोटी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या दुसऱ्या पानावर तळाच्या कोपऱ्यात रोज एक छोटी चौकट असते. पूर्वी तिच्यात तिथी, सूर्योदय, सूर्यास्त, चंद्रोदय, भरतीच्या दोन वेळा, ओहोटीच्या दोन वेळा आणि पाण्याची उंची एवढं सगळं मावत असे. आता तिथी, सूर्योदय-सूर्यास्त आणि भरतीच्या वेळा तेवढ्या उरल्या आहेत. चंद्रोदय संकष्टीपुरता येतो. ओहोटी तर पार आटलीच. त्याच सुमारास शनिवारच्या पुरवणीतली सहलीची पानं मात्र वाढली. त्यांत जूनमध्ये भंडारदऱ्याचे काजवे, जुलैत भुशी डॅम, सप्टेंबरात कासचं पठार आणि डिसेंबरात तारकर्ली, हे वर्षानुवर्षं त्याच क्रमाने येतं. वाचक बापडे त्याच क्रमाने तिथे जातात, घाटात गाड्यांच्या रांगेत बसतात आणि दमून परततात.

पुरवणीबद्दल आमचं काही म्हणणं नाही. कोपऱ्यातली ती चौकट मात्र परत द्यावी, यासाठी हे पत्र. ती वाचता येत असेल तर घरापासून रिक्षाच्या अंतरावर, कधी नुसत्या गच्चीवर, असं बरंच काही बघायला मिळतं की ज्याला तिकीट नाही आणि गर्दीही नाही. नेमकी वेळ तेवढी लागते, आणि ती देणारी चौकट आपण कापलीत.

आधी ओहोटीचं सांगतो. मुंबईत समुद्राला दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा दोन्ही बेताचंच. उधाणात ओहोटीचं पाणी पाऊण मीटरच्या, कधी अर्ध्या मीटरच्याही खाली जातं. भांगाच्या दिवसांत ते पावणेदोन मीटरच्या आसपासच अडकतं. ही उंची सागरी नकाशावरच्या शून्य पातळीपासून मोजलेली असते आणि ती पातळी जवळजवळ सगळ्यात खोल ओहोटीला लावलेली असते. म्हणून आकडा जितका शून्याजवळ, तितका खडक जास्त उघडा. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर फिरायचं तर पाऊण मीटर किंवा त्याहून कमी आकड्याचा दिवस निवडावा. दीड मीटरच्या ओहोटीला गेलात तर ओला काठ दिसेल, शेवाळ दिसेल आणि 'इथे काही नाही' असं म्हणून परत याल. आणखी एक. एकाच दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, सकाळची आणि संध्याकाळची यांत चांगलाच फरक पडतो. उंची न छापता नुसती वेळ छापली तर वाचकाने यातली कुठली निवडायची?

कोकणात पाणी उतरण्याला सुकती म्हणतात, आणि भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आजही लोकांच्या तोंडी आहे: तिथीची पाऊणपट. प्रतिपदेला पाऊण म्हणजे पाऊण वाजता भरती, द्वितीयेला दीड वाजता, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दुपारीही आणि रात्रीही. त्यात सहा तास आणि वर दहा मिनिटं मिळवली की ओहोटी. मुंबई-रायगडला हा हिशेब चांगला बसतो. दक्षिणेकडे जावं तशी भरती आधी येत जाते, त्यामुळे वेंगुर्ल्यात किंवा गोव्यात हाच हिशेब लावला तर पाणी चढायला लागल्यावर पोचाल. शिवाय तिथी मध्येच लागते नि मध्येच संपते, एखादीचा क्षय होतो, म्हणून मुंबईतही अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चालावं. तोंडी हिशेबाने दिवस ठरवावा, वेळ तक्त्यातूनच घ्यावी.

या हिशेबातून एक सोयीची गोष्ट निघते. अगदी अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी पहाटे सहाच्या सुमाराला येते, आणि हिवाळ्यात तेव्हा अंधारच असतो. त्यापुढे दोन-तीन दिवसांनी, द्वितीया ते चतुर्थीच्या दरम्यान, ती सकाळी पावणेआठ ते सव्वानऊमध्ये येते. उधाण उतरलेलं नसतं, उजेड चांगला असतो आणि ऊन अजून तापलेलं नसतं. महिन्यात असे तीन-तीन दिवस दोनदा मिळतात. ऑक्टोबर ते मे धरला तर वर्षात पन्नासेक सकाळी. पावसाळ्यात मात्र खडकांवर जाऊच नये. तेव्हा धोका ओहोटीचा नसतो, लाटांचा असतो, आणि लाटेला तक्ता नसतो.

जायचं ओहोटीच्या वेळेआधी तासभर. उतरत्या पाण्याच्या मागे मागे चालत खाली जायचं आणि छापलेल्या वेळेला, घड्याळ बघून, परत फिरायचं. 'अजून तर पाणी कुठे आलंय' म्हणून तिथेच रेंगाळणं ही नेहमीची चूक, आणि तिचं कारण पाण्याच्या चालीत आहे. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. उधाणाच्या दिवशी चढ चार मीटर धरा. पहिल्या तासात पाणी जेमतेम फूटभर वाढतं आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात मीटरभर वाढतं, म्हणजे पुरुषभर उंचीच्या निम्म्याहून जास्त. त्यातून खडकांच्या आणि काठाच्या मध्ये जर चर असेल तर तो आधी भरतो. समोर कोरडा खडक आणि पाठीमागे पाणी, अशी स्थिती होते. म्हणून खाली उतरताना मागे वळून कुठला भाग सखल आहे ते बघून ठेवावं.

पायात जुने बूट घालावेत, पकड असलेले. चप्पल शेवाळावर घसरते, आणि अनवाणी गेलात तर कालवं तळवा चिरतात. कालवाची कड ब्लेडसारखी असते आणि जखम लवकर भरत नाही. हात मोकळे ठेवावेत. खडक उचलून पाहू नये. अगदीच उचलला तर ज्या बाजूने होता त्याच बाजूने हळू परत ठेवावा, कारण खालच्या ओल्या बाजूला चिकटलेलं सगळं उन्हात मरतं. रंगीत शंकूच्या आकाराचा शंख उचलू नये. आत जिवंत गोगलगाय असेल तर तिचा दंश विषारी असतो. काठावर निळसर फुगा आणि त्याला लांब निळा दोरा असं काही पडलेलं दिसलं तर ते मेलेलं वाटलं तरी हात लावू नये. तो दोरा डंख मारतो. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर हे निळे फुगे येतात. आणि प्रवाळ कुठलाही, मेलेलासुद्धा, घरी आणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात तो आहे, वाघाच्या शेजारी.

काय दिसतं? गुडघाभर खोलीचं एखादं डबकं निवडून त्याच्या काठी, सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने, पाच मिनिटं नुसतं बसावं. पहिलं मिनिट काहीच नसतं. मग ज्याला आपण शंख समजत होतो तो चालायला लागतो, कारण आत दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा असतो. तळाची वाळू हलते आणि मासा सुटा होतो. काचेसारखी कोळंबी दिसते, म्हणजे तिचे डोळे दिसतात, अंग दिसत नाही. खडकावर हिरव्या-तपकिरी बटणांचा गालिचा अंथरल्यासारखं काही दिसलं तर त्यावर पाय देऊ नका. ते झोअँथिड, प्रवाळाचे चुलतभाऊ. पाण्याबाहेर ते मिटलेले आणि बुळबुळीत असतात, पाण्याखालचे मात्र उमललेले दिसतात. एकाच खडकावर पाण्याची रेघ असेल तर मिटलेलं आणि उमललेलं शेजारी शेजारी बघायला मिळतं. मुंबईत गिरगाव, हाजी अली, वांद्रे, जुहू या किनाऱ्यांवर हे सगळं आहे. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून तिथे लोकांना फिरवतो आणि नोंदी ठेवतो. एकट्याने जाण्याआधी एकदा त्यांच्याबरोबर जावं, नजर तयार होते.

खडक जवळ नाहीत, वाळूच आहे? मग ओहोटीच्या ओल्या, कडक वाळूवर बघा. दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी काढलेली असते, मध्ये एक भोक आणि त्यातून चहूकडे निघालेल्या रांगा. ती वाळूतला छोटा खेकडा काढतो. भोकाबाहेर येतो, वाळू तोंडात घालून तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेली गोळी करून मागे टाकतो, मग पाऊलभर पुढे. आपली चाहूल लागताच सगळे आत जातात. दोन मीटरवर उकिडवं बसून हलू नका, तीन-चार मिनिटांत पुन्हा बाहेर येतात. रांगोळी किती मोठी झाली आहे त्यावरून पाणी ओसरून किती वेळ झाला याचा अंदाज येतो: पाण्याच्या कडेपाशी भोकाभोवती चार गोळ्या, वर काठाकडे पूर्ण चक्र.

खाडीकाठच्या लोकांना तर जेट्टीवर उभं राहिलं तरी पुरे. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात निवटी फिरत असतात, मासा असून पंखांवर रेटा देत चालणारे. ओल्या कातडीतून त्यांना हवेतला प्राणवायू घेता येतो, म्हणून अंग वाळलं की चिखलात लोळून घेतात. शेजारीच एक डेंगा अंगाएवढा मोठा असलेले बारके खेकडे तो डेंगा वर-खाली करत असतात. ते नर. मादीचे दोन्ही डेंगे लहान. डेंगा हलवणं मादीसाठीही असतं आणि शेजारच्या नराला दटावण्यासाठीही. पाचशे रुपयांची दुर्बीण असली तरी हे तासभर बघता येतं.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांसाठी मात्र भरतीची वेळ लागते, ती आपण छापता त्याबद्दल आभार. ठाणे खाडीत नोव्हेंबर ते मे हे पक्षी असतात, बहुतेक लहान रोहित. ओहोटीत चिखल लांबवर उघडा पडला की ते दूर पांगतात आणि काठावरून गुलाबी ठिपके तेवढे दिसतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि ते उठून जातात. भरतीच्या आधीचे दोन तास किंवा नंतरचे दोन तास, म्हणजे पाणी त्यांना काठाकडे ढकलत असतं किंवा ते नुकते परतत असतात, ती शिवडीची वेळ. बरोबर भरतीच्या तोंडावरच सवड असेल तर शिवडीला न जाता नेरूळच्या पाणथळींवर जावं. विश्रांतीला ते तिथे येतात.

आता पावसाळ्यातल्या बातमीबद्दल एक बोलायलाच हवं. दर जूनमध्ये महापालिका साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी देते आणि दुसऱ्या दिवशी 'साडेचार मीटरच्या लाटा उसळणार' असा मथळा येतो. साहेब, ती लाटेची उंची नाही. ती भरतीच्या पाण्याची उंची, वर सांगितलेल्या शून्य पातळीपासूनची. मुंबईत सरासरी समुद्रपातळी त्या शून्यापासून साधारण अडीच मीटरवर आहे, म्हणजे साडेचारची भरती सरासरीपेक्षा दोन मीटर वर. लाटा त्याच्यावर, वाऱ्याप्रमाणे, वेगळ्या. या एका शब्दाच्या चुकीमुळे लोक 'लाटा बघायला' मरीन ड्राइव्हवर जमतात, वारा पडलेला असला की समुद्र निवांत असतो, आणि पुढच्या वेळी खरा इशारा कोणी मनावर घेत नाही. भरतीच्या आकड्याचा खरा अर्थ घरात बसलेल्या माणसासाठी आहे: त्या वेळेत जोराचा पाऊस पडला तर नाल्याचं पाणी समुद्रात जाणार नाही.

समुद्र नसलेल्या वाचकांनी इथपर्यंत वाचलं असेल तर त्यांच्या वाट्याचं पुढे आहे.

मे महिन्यात महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावावरून सूर्य एकदा बरोबर डोक्यावरून जातो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. हीच शून्य सावली. सावंतवाडीला ३ मेच्या आसपास, कोल्हापूरला ६, सोलापूरला १०, पुण्याला १३, मुंबईला १५-१६, नाशिकला २०, नागपूरला २६. तारखा अक्षांशावर ठरतात, म्हणून दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातात. परतीच्या वाटेवर जुलै-ऑगस्टमध्ये हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. बातमी येते ती तारखेची. मिनिटाची येत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. लोक बारा वाजता गच्चीवर जातात, सावली दिसते, 'काही खरं नाही' म्हणून खाली येतात. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाला लावलेलं आहे. तिथून पश्चिमेला दर अंशाला चार मिनिटं उशीर. मुंबई जवळपास पावणेदहा अंश पश्चिमेला, म्हणजे ३९ मिनिटं. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या पुढे असतो, त्याची चारेक मिनिटं वजा. म्हणून मुंबईत १२ वाजून ३५, पुण्यात १२:३१, कोल्हापुरात १२:२९, नागपुरात १२:११ च्या सुमाराला.

करायला लागतं ते एवढंच: प्लंबरकडे मिळणाऱ्या दोन-तीन इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा, दोन्ही टोकं काटकोनात कापलेला. स्टीलचा पेला घेऊ नका, तो वर रुंद असतो आणि स्वतःभोवतीच सावलीचं कडं पाडतो. गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, हे बहुतेक जण विसरतात. एक अंशाचा उतार असला तरी फूटभर पाइपची पाच मिलिमीटर सावली पडते आणि ती नेमक्या वेळी शून्य होत नाही. म्हणून खाली पाट किंवा फळी ठेवावी, गवंड्याकडची पाणसळ आडवी-उभी दोन्हीकडून लावावी आणि फळीखाली कागदाच्या घड्या सारून बुडबुडा मध्यावर आणावा. मग पाइप उभा करायचा आणि नेमक्या वेळेच्या दहा मिनिटं आधीपासून दर मिनिटाला सावलीच्या टोकाशी पेन्सिलने टिंब द्यायचं. पश्चिमेकडची सावली आखडत पाइपखाली जाते, क्षणभर नाहीशी होते आणि पूर्वेला बाहेर पडते.

इथे एक गंमत आहे जी बातमीत कधी येत नाही. मेच्या मध्यात सूर्य रोज उत्तरेकडे जेमतेम पाव अंश सरकतो. म्हणजे एक दिवस मागे-पुढे झाला तर फूटभर पाइपची सावली फार तर दीड मिलिमीटर, आणि सूर्य स्वतःच अर्धा अंश रुंद असल्यामुळे ती पुसट. पण पूर्व-पश्चिम तो चार मिनिटांत जवळपास एक अंश जातो, म्हणजे पाच मिलिमीटर सावली. तेव्हा दिवस चुकला तर बिघडत नाही, मिनिट चुकलं तर सगळं गेलं. ढग आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, शाळेला खुशाल सांगा. बाहेरगावी असलेल्या मराठी वाचकांसाठी: बेंगळुरूत हे २४ एप्रिलच्या सुमाराला, इंदूर-बडोद्याला जूनच्या पहिल्या आठवड्यात, सिंगापुरात मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात. दिल्लीत, लंडनला किंवा न्यू जर्सीत कधीच नाही. कर्कवृत्ताच्या पलीकडे सूर्य डोक्यावर येतच नाही.

पाइपही नको असेल तर कवडसा आहे. कौलाच्या फटीतून, पत्र्याच्या खिळ्याच्या भोकातून किंवा आंब्याच्या पानांमधून जमिनीवर पडतो तो. फट तिरकी असो की त्रिकोणी, कवडसा गोल पडतो, कारण तो फटीचा आकार नसतो, सूर्याचं चित्र असतं. उजेड सरळ खाली येत असेल तर फटीपासून जमिनीपर्यंतचं अंतर १०८ ने भागा, कवडशाची रुंदी निघते: तीन मीटरवरून पावणेतीन सेंटिमीटर. कडेने पेन्सिलीची रेघ मारून थांबा. दोन मिनिटांत कवडसा स्वतःच्या रुंदीएवढा सरकून रेघेबाहेर गेलेला असतो. पृथ्वी फिरते हे पाचवीच्या पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं, फरशीवर ती फिरताना बघायला दोन मिनिटं लागतात. मोठं चित्र हवं असेल तर खिशातल्या आरशाला कागद चिकटवून मध्ये पाच मिलिमीटरचं भोक ठेवा आणि खिडकीतून दहा मीटरवरच्या अंधाऱ्या भिंतीवर ऊन पाडा, बशीएवढं सूर्यबिंब येतं. आरशात मात्र कोणीही डोकवायचं नाही. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारी उशिरा आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाने उघडीप दिली तर प्रत्येक कवडसा एका बाजूने कुरतडल्यासारखा दिसेल.

चंद्रोदयाचं थोडक्यात. संकष्टीला वेळ छापता, तर रोज का नको? पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो, पुढे रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा. पण पाहायला बरी पौर्णिमेच्या आदली संध्याकाळ, कारण सूर्य असतानाच चंद्र वर आलेला असतो आणि झाडं-घरं उजेडात दिसतात. कुठे बघायचं ते ठरवायला सोपी खूण: मार्गशीर्ष-पौषातला पूर्ण चंद्र साधारण तिथून उगवतो जिथून मे-जूनमध्ये सूर्य उगवतो, आणि ज्येष्ठातला डिसेंबरच्या सूर्याच्या जागेवरून. छापलेली वेळ सपाट क्षितिजाची असते. समोर टेकडी किंवा टॉवर असेल तर वीसेक मिनिटं धीर धरावा. उगवता चंद्र मोठा दिसतो, त्याला हात लांब करून धरलेल्या वाटाण्याच्या दाण्याने झाका. चार तासांनी चांगला वर आल्यावर त्याच दाण्याने पुन्हा झाका. तोच दाणा पुरतो.

सूर्योदय-सूर्यास्त छापताच, म्हणून त्याचंही एक सांगतो. सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण मुंबईत सगळ्यात लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होतो आणि सगळ्यात उशिरा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर. २१ डिसेंबर ते संक्रांत एवढ्यात सूर्यास्त सुमारे चौदा मिनिटं पुढे गेलेला असतो, सूर्योदय मात्र लवकर यायचा सोडून सात मिनिटं आणखी लांबलेला असतो. सकाळी उठणाऱ्याला दिवस वाढल्याचं जाणवायला लागतं ते संक्रांतीनंतरच. 'तिळातिळाने दिवस वाढतो' हे म्हणणारे पहाटे उठणारे होते हे नक्की. आपल्याच अंकांमधून महिनाभराचे आकडे वहीत उतरवून कोणालाही हे पडताळता येईल.

प्रवासात हीच चौकट बरोबर न्यावी, पण त्या गावची. अलिबागचा कुलाबा किल्ला उधाणाच्या ओहोटीला चालत गाठता येतो. ओहोटीआधी तासभर निघावं आणि ओहोटीनंतर तासाभरात परत काठावर असावं. भांगाच्या दिवशी वाटेत पाणी राहतंच, तेव्हा घोडागाडी किंवा होडी. तिथे अडकणारे लोक मुंबईची भरतीची वेळ बघून गेलेले नसतात, कुठलीच वेळ न बघता गेलेले असतात. गोव्यात उधाणालाही पाण्याचा चढ-उतार दोनेक मीटरचाच, म्हणून पाऊण मीटरचा आपला मुंबईचा आकडा तिथे निरुपयोगी. तिथल्या तक्त्यात त्या पंधरवड्यातला सगळ्यात लहान आकडा शोधावा. उलट भावनगरजवळ कोळियाकला समुद्र इतका मागे हटतो की निष्कलंक महादेवापर्यंत लोक चिखलातून चालत जातात. तक्ते हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था बंदरवार देते, आणि मोठ्या लाटांचा इशाराही. निघायच्या दिवशी सकाळी दोन्ही बघावेत. गावात पोचल्यावर कालवं काढणाऱ्या बायकांना 'आज सुकती कितीला?' एवढं विचारावं. तक्त्यात नसलेलं, म्हणजे कुठला खडक निसरडा आणि कुठल्या चरात पाणी आधी शिरतं, तेही त्या सांगतात.

तर मागणी एवढीच. चौकटीत ओहोटीच्या दोन्ही वेळा आणि चारही वेळांची पाण्याची उंची परत यावी. चंद्रोदय रोज यावा. मे महिन्यात शून्य सावलीच्या तारखेबरोबर मिनिटही छापावं, जिल्हावार. राज्यभराच्या आवृत्तीत मुंबईचीच भरती जाते, ती रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या आवृत्तीत तिथली असावी. आणि 'साडेचार मीटरच्या लाटा' हा मथळा या जूनपासून बंद व्हावा. जागेची अडचण असेल तर त्याच कोपऱ्यातलं राशिभविष्य दोन ओळींनी आखडलं तरी चालेल. बारा राशींना मिळून चार आकडे पुरतात.

कळावे,
आपले,
किनाऱ्यावर आणि गच्चीवर वेळ घालवणारे काही वाचक